आधी जंतूची ओळख, मग औषध

बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाच्या जोडीला कुक्कुटपालनाचा धंदा चांगलाच रुजला आहे. मात्र पिलांना पांढरी हगवण लागून मर सुरू झाली की, दुकानातून प्रतिजैविकाची पुडी आणावयाची व पाण्यात कालवून पाजावयाची, हा प्रघातही त्याबरोबरच रुजला आहे. माझ्या मते हा प्रघात आता मोडला पाहिजे.

साल्मोनेला हे एका जंतूचे नाव नसून मोठ्या कुळाचे नाव आहे. या कुळात अडीच हजारांहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. त्यांपैकी पुलोरम हा प्रकार बाधित कोंबडीच्या अंड्यातून पिलात उतरतो व मुख्यतः पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिलांचा बळी घेतो. गॅलिनॅरम हा तलंगांना व मोठ्या कोंबड्यांनाही विषमज्वर आणतो. टायफिम्युरियम व एन्टरायटिडिस यांची बाधा झालेली मोठी कोंबडी सहसा आजारी दिसत नाही. परंतु कच्ची अंडी अथवा अर्धवट शिजलेले मांस यांवाटे हे जंतू माणसाच्या पोटात गेल्यास ताप व हगवण होते.

कोंबडीच्या रक्ताच्या थेंबात रंगीत प्रतिजन मिसळून गुठळ्या होतात किंवा नाही, हे दोन मिनिटांत पाहता येते. परंतु पुलोरम व गॅलिनॅरम यांची ठेवण इतकी सारखी असते की, ही चाचणी दोहोंनाही सारखाच कौल देते. प्रयोगशाळेत मात्र डल्सिटॉल नावाचा पदार्थ गॅलिनॅरम आंबवितो, पुलोरम आंबवीत नाही. त्यावरून भेद कळतो. हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नव्हे. पुलोरम निघाल्यास पिले पुरविणाऱ्या उबवणी केंद्राच्या मूळ कळपाकडे प्रथम पाहावे लागते. गॅलिनॅरम निघाल्यास त्याबरोबरच आपली गादी, पाणी, उंदीर व माणसांची ये-जा हीही तपासावी लागते. बाधेतून वाचलेल्या कोंबड्या जंतू बाळगून राहतात. औषधाने त्या निर्दोष होतील याचा भरवसा नसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट ही की, जंतूच जंतूचा वैरी असतो. चांगले विरजण लागलेल्या दुधात नासविणारे जंतू माजत नाहीत, तसेच आतड्यातही घडते. फिनलंडमध्ये १९७१ साली कोंबड्यांत साल्मोनेलाची मोठी साथ आली. त्यानंतर १९७३ मध्ये नुर्मी व रांताला या शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, निरोगी प्रौढ कोंबड्याच्या आतड्यातील जंतू नवजात पिलांना दिल्यास साल्मोनेला तेथे सहजी ठाण मांडू शकत नाही. हितकर जंतू जागा व अन्न व्यापतात आणि शत्रूला मारक अशी आम्ले निर्माण करतात. परसातील पिलाला हे धन आईकडून मिळते. यंत्रात उबविलेल्या पिलाला आईच नसते. अशा पिलाला उगाच प्रतिजैविक पाजणे म्हणजे राखणदारालाच हाकलणे होय. मात्र म्हणून कोणी घरच्या घरी विष्ठा पाजू नये. तिच्यात रोगही असू शकतो. तपासलेली जंतुसंवर्धने पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावीत.

अहवाल येईपर्यंत पिले मरतील, ही शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे. परंतु औषध थांबवा, असे येथे म्हणावयाचे नाही. आधी नमुना घ्या, एवढेच सांगावयाचे आहे. औषधापूर्वी ताजी मेलेली दोन-चार पिले गळणार नाही अशा पिशवीत घालून बर्फावर ठेवावीत व पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत औंध, पुणे येथील रोग अन्वेषण विभागाकडे धाडावीत. नमुना निघाल्यावर पशुवैद्यक सांगेल तोच उपचार करावा. कोलिस्टिन हे औषध तर २०१९ मध्ये सरकारने अन्नोपयोगी पशुपक्ष्यांसाठी बंदच केले आहे; कारण माणसाच्या दुर्धर आजारात ते अखेरचे शस्त्र आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील मर कळताच प्रथम इतकेच विचारावे: नमुना घेतला काय?