चलन वडिलांना, स्पीड चिरंजीवांचा!

आपल्या होस्टेलवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "चावी दे ना यार, दौंडला जाऊन येतो!" बाईक मित्राच्या वडिलांच्या नावावर, चालवणारा भलताच, आणि ई-चलनाचा मेसेज जातो थेट गावाकडे. कारण कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, चालवणाऱ्याला ओळखत नाही. वडील बिचारे पैसे भरतात, नाहीतर लोकअदालतीची वाट बघतात. ज्याने स्पीड मारला तो मात्र नामानिराळा!

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातले दंड वाढले. पण भरणारा वेगळाच असेल तर सवय कशी सुटणार? ब्रिटनमध्ये स्पीडिंगला दंडाबरोबर लायसन्सवर किमान 3 पॉइंट पडतात. 3 वर्षांत 12 झाले की लायसन्स जाऊ शकतं. नवशिक्यांना तर पहिल्या 2 वर्षांत 6 च पुरतात. शिवाय गाडी कोण चालवत होतं, हे मालकाला 28 दिवसांत कळवावंच लागतं. म्हणजे पैसे वडील भरतील, पण पॉइंट कोण घेणार? आपल्याकडेही असंच हवं.

तोवर काय? काष्टीच्या रस्त्यावर शनिवारी बाजाराची गर्दी, सीझनला उसाच्या ट्रॉल्या. स्पीड दुप्पट केला की ब्रेकिंग डिस्टन्स चौपट, हे इंजिनिअरिंगवाल्यांना काय सांगायचं! निदान बाईक मागून नेणाऱ्याने आपलं चलन स्वतः भरावं. एवढा नियम तर होस्टेलवर आपणच करू शकतो ना?