आलेख आधी हाताने काढा

आजचे युग माहितीचे आहे, असे आपण नेहमी ऐकतो. आपल्या शाळेतून बाहेर पडून, इंटर संपवून डिग्रीला गेलेल्या मुलामुलींच्या अभ्यासात आता 'डेटा व्हिज्युअलायझेशन' हा विषय येतो. नाव मोठे असले तरी गोष्ट ओळखीची आहे : आकड्यांचे चित्र काढणे. शाळेत काढलेले स्तंभालेख व वृत्तालेख ही त्याचीच पहिली पायरी.

संगणकात आकडे भरून बटण दाबले की क्षणात रंगीत आलेख तयार होतो आणि मुलांना वाटते, विषय आला. माझे मत थोडे निराळे आहे. नवख्या विद्यार्थ्याने सुरुवातीचे आलेख ग्राफ पेपरवर हातानेच काढावेत. हाताने काढताना प्रमाण कोणते घ्यावे, उभा अक्ष कोठून सुरू करावा, हे स्वतः ठरवावे लागते. संगणक ते आपल्याला न विचारताच ठरवून टाकतो.

आपल्या कापसाचेच उदाहरण घ्या. केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ७५२१ रुपये व २०२५-२६ साठी ८११० रुपये जाहीर केला. वाढ ५८९ रुपयांची, म्हणजे आठ टक्क्यांहून थोडी कमी. आता उभा अक्ष शून्याऐवजी ७००० पासून सुरू करा. पहिला स्तंभ ५२१ इतका आणि दुसरा १११० इतका उंच दिसेल. जणू भाव दुपटीहून अधिक वाढला! एकही आकडा खोटा नाही, तरी पाहणारा फसतो.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याचे. २०११ च्या जनगणनेत आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख होती. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. त्याच जनगणनेनुसार आजच्या आदिलाबादच्या हद्दीत सुमारे ७ लाखच लोक येतात. हे दोन आकडे एका रेघेने जोडले, तर वीस लाख माणसे नाहीशी झाली असे दिसेल. माणसे जागेवरच होती, हद्द बदलली. पिकाखालचे क्षेत्र असो की शाळांची संख्या, आपल्या जिल्ह्याचे जुने-नवे आकडे जोडताना हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातील मृत्यूंचा आलेख मांडला. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक सैनिक दगावले, हे त्यात एका नजरेत दिसत होते. संगणकाचा तेव्हा पत्ताही नव्हता.

संगणक नको, असे माझे म्हणणे नाही. नोकरीसाठी एक्सेल यायलाच हवे. पण त्याआधी प्रत्येक आलेखाला चार प्रश्न विचारण्याची सवय लागली पाहिजे. काय मोजले? कोणी व केव्हा मोजले? अक्ष कोठून सुरू होतो? हद्द तीच आहे का? उद्या बियाण्याच्या जाहिरातीतला उंच स्तंभ पाहून घरचे पैसे खर्च करायचे की नाही, हे वडील याच मुलांना विचारणार आहेत.

पालकांना एवढीच विनंती : सुटीत घरी आलेल्या मुलाला किंवा मुलीला आपल्या शेतातील मागील पाच वर्षांचे कापसाचे उत्पादन सांगा आणि त्याचा आलेख कागदावर काढून घ्या. काही चुकले, तर तुम्ही लगेच ओळखाल.