सायकलीचे टायर आणि रस्त्याची डावी कड

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्ताभर पसरे. त्यातील कामगाराला ‘कोणती सायकल घ्यावी’ हा प्रश्न पडत नसे. काळी, जड, अठ्ठावीस इंची सायकल हीच सायकल. आज त्याच प्रश्नाची वीस उत्तरे दुकानाच्या काचेआड मांडलेली असतात, आणि कामावर जाण्यासाठी सायकल हवी म्हणणाऱ्यालाही पुष्कळदा शर्यतीच्याच सायकलीची भुरळ पडते. खाली वळलेले हँडल, २३ किंवा २५ मिलिमीटर रुंदीचे टायर. ती हलकी असते, देखणी असते, सपाट डांबरावर वेगवानही असते. परंतु असे सपाट डांबर कामावर जाणाऱ्याच्या वाट्याला येते कोठे?

अरुंद टायरात हवा कमी ठेवून चालत नाही. खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिरडते. म्हणून दाब शंभर पौंडांच्या आसपास ठेवावा लागतो आणि मग तो टायर प्रत्येक हादरा इमानेइतबारे मनगटात, खांद्यात व कमरेत पोचवतो. ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर याच्या निम्म्या दाबावर सुखाने चालतो व हादरा स्वतःच गिळतो. रुंद टायर मारायला जड, हा समज खडबडीत रस्त्यापुरता तरी खोटा आहे. कडक चाक उसळते तेव्हा पायांनी कमावलेली गती त्या उसळीतच वाया जाते. तेव्हा रंग आणि गिअरांची संख्या पाहण्याआधी पुढच्या चिमट्यात व मागच्या फ्रेममध्ये किती रुंद टायर मावतो ते पाहावे. हँडल सीटच्या उंचीला यावे. चिखलपंखे व कॅरिअर बसवण्याची सोय असावी, कारण आपल्याला डबाही न्यायचा असतो. स्वस्त सायकलींना लावलेल्या स्प्रिंगच्या चिमट्याचा मोह मात्र टाळावा. तो वजन वाढवतो आणि दोन पावसाळ्यांत गंजून अडकतो. जुन्या काळ्या सायकलीचेही फाजील कौतुक नको. तिचे दीड इंची टायर आणि स्प्रिंगची सीट आरामाची खरी, पण भिजलेल्या पोलादी रिमवर तिचे सळईचे ब्रेक ऐन वेळी दगा देतात.

पक्षाच्या साप्ताहिकात टायरांच्या रुंदीची चर्चा कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. त्याने एकदा रस्त्याच्या डाव्या कडेने सायकल चालवून पाहावी. मधले गुळगुळीत डांबर मोटारींसाठी; बुजवून खचलेले चर, उचकटलेले पेव्हर ब्लॉक, गटारांची झाकणे आणि पावसाचे तुंबलेले पाणी हे सारे कडेला, म्हणजे जेथे सायकलस्वाराला ढकलले जाते तेथेच. मोटारीतल्या माणसाचा हादरा स्प्रिंगा सोसतात. सायकलवरच्या रखवालदाराचा हादरा त्याची कंबर सोसते. रस्त्याच्या दुरवस्थेचा हा कर आहे, आणि तो उत्पन्नाच्या उलट प्रमाणात वसूल होतो.

रस्ते वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी, हे तत्त्व केंद्र सरकारच्या नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच मान्य केले. त्याच वर्षी पुण्यात जलद बसमार्ग सुरू झाला व त्याच्या कडेने सायकलमार्ग आखले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा स्वतंत्र सायकल आराखडाही मंजूर केला. त्यातील कित्येक मार्ग तुटक राहिले, कोठे मोटारी उभ्या राहिल्या, कोठे टपऱ्या आल्या. (टपरीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्यालाही शहराने जागा दिलेली नाही.) करांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारीवरचा वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ मध्ये ५ टक्क्यांवर आला. माणसाच्या पायांवर चालणाऱ्या सायकलीवर तो १२ टक्के राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कोठे ५ झाला. प्रदूषण कमी करण्याचे श्रेय सहा वर्षे लाखो रुपयांच्या मोटारीला मिळाले, सायकलीला नाही.

रुंद टायर घ्यावेत, जरूर घ्यावेत. पण त्यामुळे पालिका मोकळी होत नाही. चर बुजवताना डावी कड उरलेल्या रस्त्याच्या पातळीला आणावी, आणि गटारांच्या जाळ्यांच्या फटी वाहतुकीच्या दिशेला आडव्या बसवाव्यात, म्हणजे त्यांत चाक अडकणार नाही. यांपैकी दुसऱ्या कामाला तर अंदाजपत्रकात तरतूदही लागत नाही. जाळी बसवणाऱ्या कंत्राटदाराला सांगावे लागते.