मास्टर्स, पीएचडी आणि आई-वडिलांची सही



दिवाळी जवळ आली की अ‍ॅशबर्नमधल्या अनेक मराठी घरांत फराळाबरोबर आणखी एक विषय निघतो. मुलगा किंवा मुलगी ग्रॅज्युएट स्कूलला अर्ज करणार असते, आणि बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. मग प्रश्न सुरू होतात: जीआरई द्यावी का? विद्यापीठ कोणते? शिफारसपत्रे किती? हे प्रश्न योग्यच आहेत. पण माझे स्पष्ट मत असे की, सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या शिक्षणाचे पैसे कोण देणार, आणि कोणत्या अटीवर? नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही शंका याच अंगाने पाहू.

प्रश्न १: "आमचे उत्पन्न जास्त, म्हणून मदत मिळणारच नाही ना?"

हा कॉलेजच्या वेळचा अनुभव आहे. तेव्हा फाफ्सा भरताना आई-वडिलांचे उत्पन्न मोजले गेले. ग्रॅज्युएट विद्यार्थी मात्र फाफ्साच्या दृष्टीने स्वतंत्र असतो, तुमचा पगार त्यात येत नाही. पण त्याला केंद्र सरकारकडून मिळते ते मुख्यतः कर्ज, आणि २०१२ पासून त्या कर्जावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. वैद्यकीय शिक्षण हा थोडा अपवाद आहे. तिथे महाविद्यालये स्वतःची मदत देताना आई-वडिलांचे उत्पन्न अनेकदा विचारतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सने २०२४ मध्ये एक अब्ज डॉलरच्या देणगीनंतर ३,००,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील वैद्यकीय विद्यार्थ्यांची शिकवणी फी माफ केली. तेव्हा "आपल्याला काही मिळणार नाही" असे गृहीत धरून फॉर्म न भरणे शहाणपणाचे नाही.

प्रश्न २: "कर्ज किती मिळते?"

इथे जुन्या माहितीवर विसंबू नका. पूर्वी ग्रॅड प्लस नावाच्या कर्जातून जवळजवळ सगळा खर्च भागवता येत असे. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केले. आता साध्या मास्टर्स-पीएचडीसाठी सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १,००,००० डॉलरपर्यंत. डॉक्टरकी, वकिली अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,०००. पॅरेंट प्लस कर्ज फक्त पदवीपूर्व शिक्षणासाठी असते, ते इथे चालत नाही.

हिशेब करून पाहा. समजा दोन वर्षांच्या मास्टर्सचा एकूण खर्च १,२०,००० डॉलर आहे. सरकारी कर्ज मिळेल ४१,०००. उरलेले ७९,००० कुठून? बँकेच्या खासगी कर्जातून. आणि तिथे बँक म्हणते, "आई-वडिलांची सही आणा."

प्रश्न ३: "सही करायला काय हरकत आहे? मुलगा फेडेलच की."

गावाकडच्या पतपेढीत कुणाला जामीन राहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. को-साइन करणे म्हणजे नुसती ओळख देणे नव्हे. हप्ता चुकला तर बँक थेट तुमच्याकडे येते, तुमचा क्रेडिट स्कोअर खाली येतो, आणि ते सगळे कर्ज तुमच्याही नावावर मोजले जाते. आपल्यापैकी बरेचजण पन्नाशीत आहेत, घराचे हप्ते चालू आहेत, तिकडे आई-वडिलांचे औषधपाणी आहे. शिक्षणासाठी कर्ज मिळते, निवृत्तीसाठी कुणी कर्ज देत नाही. म्हणून ४०१के मोडून किंवा घर गहाण टाकून मास्टर्स करवणे मला पटत नाही. मुलाला "नाही" म्हणणे जड जाते, हे खरे. पण आकडे दाखवून आधी सांगितलेले "इतकेच देऊ शकतो" हे, प्रवेश मिळाल्यावर सांगितलेल्या "नाही"पेक्षा कितीतरी बरे.

प्रश्न ४: "मग शिकायचेच नाही का?"

अवश्य शिकावे, पण मार्ग निवडून. विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएचडीला चांगल्या विद्यापीठांत फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळते. संशोधनाची खरी ओढ असेल तर मास्टर्ससाठी कर्ज काढण्याआधी थेट पीएचडीला अर्ज करावा. मात्र २०२५ मध्ये संशोधन अनुदानांतील कपातीमुळे काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, तेव्हा एकाच अर्जावर भिस्त नको.

दुसरा मार्ग म्हणजे आधी नोकरी. कंपनीने शिक्षणासाठी दिलेल्या पैशांपैकी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या रकमेवर कर लागत नाही. तिसरा मार्ग घरात राहून शिकण्याचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये सिल्व्हर लाइन अ‍ॅशबर्नपर्यंत आली. तीच गाडी न बदलता जॉर्ज मेसनच्या आर्लिंग्टन कॅम्पसला आणि जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दारात नेते. जॉर्ज मेसन सरकारी विद्यापीठ असल्याने राज्यातल्या रहिवाशांना फी कमी. घरभाडे वाचले की कर्जाचा मोठा भाग वाचतो.

५२९ खात्यात पैसे उरले असतील तर ते ग्रॅज्युएट फीसाठीही वापरता येतात, नाहीतर धाकट्या भावंडाच्या नावे करता येतात. व्हर्जिनियाच्या योजनेत भरलेल्या रकमेवर दर खात्यामागे वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत राज्याच्या करात वजावट मिळते.

प्रश्न ५: "थांबले तर मागे पडणार नाही का?"

या भीतीला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानात नोकरीची अट. पुढे लंडनचा अभ्यास अर्ध्यावर असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. एवढ्या बुद्धिमत्तेलाही पैशाच्या मुदतीपुढे थांबावे लागले, पण त्या थांबण्याने शिक्षण संपले नाही. आपल्या मुलांनी दोन वर्षे नोकरी केली तर आकाश कोसळणार नाही. जीआरईचे गुणही पाच वर्षे चालतात.

प्रश्न ६: "आमचे ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. मुलीचे काय?"

एच-४ वरच्या मुलांना २१ वर्षे पूर्ण झाल्यावर त्या व्हिसावर राहता येत नाही. बहुतेकांना एफ-१ घ्यावा लागतो. त्यांना सरकारी कर्ज मिळत नाही, पण विद्यापीठाची असिस्टंटशिप एफ-१ वर घेता येते. अशा घरांनी वकिलाचा सल्ला विसाव्या वर्षीच घ्यावा.

आरोग्य विम्याचीही आठवण ठेवा. मूल २६ वर्षांचे होईपर्यंत तुमच्या विम्यात राहू शकते. दूरच्या राज्यात शिकत असेल तर तिथले डॉक्टर तुमच्या योजनेत आहेत का, हे आधी पाहा. सव्विसावे वर्ष अभ्यासक्रमाच्या मध्येच येत असेल तर विद्यापीठाच्या विम्याचा खर्च हिशेबात धरा.

शेवटी दोन गोष्टी. पहिली, मदतीसह प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाने घाई केली तरी घाबरू नका. बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार अशा देकाराला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती नसते. टॅक्सचीच तारीख, म्हणून लक्षात राहील. दुसरी, स्टेटमेंट ऑफ पर्पज मुलांनाच लिहू द्या. आपण लिहायचा कागद वेगळा आहे: एका पानावर खर्च, जमा, कर्ज आणि महिन्याचा हप्ता. तो कागद जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी मिळून वाचावा आणि मगच अर्जाची फी भरावी. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपण मुलांना लहानपणापासून सांगत आलो. आता अंथरूण किती आहे, तेही त्यांना दाखवायला हवे.