पुळणीवरची पाथरी : काढावी की राखावी?

मालवण तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. घर किनाऱ्याला लागून, माडांच्या बागेत. मुलाने पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. आता त्याचे म्हणणे असे, की समोरच्या पुळणीवरचे रान यंत्राने खरवडून सपाट करू. पाहुण्यांना मोकळी, स्वच्छ वाळू लागते. सासूबाई मात्र अडून बसल्या आहेत. "ती आसा म्हणान रेव आसा गो," एवढेच त्या म्हणतात आणि रोज सकाळी त्यातलाच पाला म्हशीला आणून घालतात. भगिनींनी वहीच्या पानात दाबून ते झाड पाठवले आहे आणि विचारले आहे : हे आहे तरी काय? गुणाचे आहे की नुसते तण? आम्ही कुणाचे ऐकावे?

भगिनी, आधी झाडाची ओळख करून घेऊ. कुणाचे ऐकावे ते मग आपोआप कळेल.

ही किनाऱ्यावरची पाथरी. शास्त्रीय नाव लौनिया सार्मेंटोसा. जुन्या पुस्तकांत लौनिया पिनॅटिफिडा असे सापडते. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांचे जे मोठे कूळ आहे, त्यातलीच ही. त्या कुळात चीक असणारी एक शाखा आहे. शहरात सालीट म्हणून कच्चा पाला खातात, तोही त्याच शाखेतला. म्हणजे आपली पाथरी ही सालीटची रानातली भावकी झाली. देशावर शेताच्या बांधाला उगवणारी आणि भाजीसाठी खुडली जाणारी पाथरी वेगळी. पण तीही लौनियाच, म्हणजे हिची सख्खी बहीण.

ओळखायची खूण सोपी आहे. पाने मुळाशी गोलाकार पसरतात, जमिनीला चिकटून. पान लांबट, थोडे जाडसर, कडा कातरलेल्या. फूल पिवळे, पण सूर्यफुलासारखी मधली चकती त्यात नसते. सगळ्याच पाकळ्या पट्टीसारख्या असतात. नीट पाहिले तर प्रत्येक पट्टीच्या टोकाला पाच बारीक दाते दिसतात. खरे म्हणजे ती प्रत्येक पट्टी हे एक स्वतंत्र फूल आहे. बी धरले की त्याला पांढऱ्या केसांची झुलपी येते आणि वारा ते उडवून नेतो. पान मोडले की पांढरा चीक येतो. कडूपणा आहे तो ह्या चिकाचा.

पण पाथरीचे खरे कसब फुलात नाही, तिच्या धावत्या फांद्यांत आहे. मधल्या झुपक्यातून दोरीसारख्या बारीक फांद्या निघतात आणि वाळूवरून पळत जातात. थोड्या अंतरावर गाठ येते. त्या गाठीतून खाली मूळ आणि वर पानांचा नवा झुपका फुटतो. तिथून पुन्हा पुढची दोरी. पाच-सहा झुपके उपटून पाहिले तर ती वेगळी झाडे नसून एकाच दोरीत ओवलेली निघतात.

आता ती राहते कुठे ते पाहा. उधाणाचे पाणी जिथवर येते, त्याच्या वरच्या अंगाला. उन्हाळ्यात दुपारी तिथे अनवाणी पाय ठेववत नाही. खारा वारा, पाणी धरून न ठेवणारी वाळू, कस जवळजवळ नाहीच. तिथे पाथरी जाड पानांत पाणी साठवते, सोटमूळ खोल ओलीपर्यंत नेते आणि जमिनीसरशी राहून वाऱ्याला चुकवते. तिच्या सोबतीला असतात मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा. मर्यादवेल हे नाव आपल्या वाडवडिलांनी उगाच ठेवलेले नाही. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ही मंडळी उभी असतात. त्यांच्या मागे केवडा आणि उंडी, आणि त्यांच्याही मागे आपली माडाची बाग.

ही मंडळी काम काय करतात? वारा समुद्रावरून वाळू घेऊन येतो. पानांना अडला की त्याचा जोर मोडतो आणि वाळू तिथेच पडते. पाने बुजू लागली की झाड वर सरकते आणि नव्या थरात मूळ धरते. पुन्हा वाळू अडते, पुन्हा झाड वर येते. अशी कणाकणाने वाळूची टेकडी चढत जाते. लाट मोठी आली की पहिला मार ती टेकडी खाते, आणि पुढे वाऱ्याने वाळू आली की वेली ती पुन्हा भरून काढतात. दगडी बंधारा फुटला तर स्वतःहून भरून येत नाही.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी. वाळूच्या ह्या टेकडीत पावसाचे गोडे पाणी मुरते. गोडे पाणी हलके आणि खारे जड, म्हणून गोडे वर राहते. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही परसातल्या विहिरीचे पाणी गोड लागते ते ह्यामुळे. टेकडी खरवडली तर गोड्या पाण्याचा साठाही उणावतो, आणि मग उपसा तेवढाच ठेवला तरी विहीर मचूळ होऊ लागते.

पाथरी खाण्याचीही आहे. आपल्याच समुद्रातल्या मालदीव बेटांवर हिची कोवळी पाने बारीक चिरून, खोबरे, कांदा, लिंबू आणि सुकी मासळी घालून खातात. आपले सुकटाचे किसमूर करणारीला हे वेगळे सांगायला नको! गोव्यात पोर्तुगीज अमदानीत हिला त्यांच्याकडच्या एका कडू पाल्याचे, अल्मिराव हे नाव मिळाले. कडू नको असेल तर पाने उकळत्या पाण्यातून काढून पिळावीत आणि मग खोबरे घालून परतावीत. फक्त जिथे घाण किंवा सांडपाणी येते तिथली पाने घेऊ नयेत, आणि औषध म्हणून मनानेच चीक वापरू नये. म्हशीसाठी नेताना वरची पाने विळ्याने कापावीत, दोरी उपटू नये.

आता भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. मुलाची अडचण खरी आहे. घर पाहुण्यांवर चालणार असेल तर वाळूवर जायला वाट हवीच. मग वाट एकच ठेवावी, माणसाच्या रुंदीची आणि जराशी तिरपी, म्हणजे वारा सरळ घरात घुसणार नाही. तिच्या दोन्ही अंगांना काठ्या रोवून दोरी बांधावी. गाडी पुळणीवर उतरू देऊ नये. एका चाकाने अनेक दोऱ्या तुटतात. जिथे वाळू उघडी पडली आहे तिथे पावसाळ्याच्या तोंडाला पाथरीच्या मुळे फुटलेल्या गाठी आणि मर्यादवेलीचे तुकडे लावावेत. खर्च काही नाही. शिवाय १९९१ पासून किनाऱ्याच्या कायद्याने वाळूच्या टेकड्या मोडायला मनाई आहे, हेही मुलाच्या कानावर घालावे.

१६ मे २०२१ चे तौक्ते वादळ त्याने पाहिलेच असेल. असे वादळ पुन्हा येईल तेव्हा खोल्यांच्या पुढे काय उभे असावे, सपाट वाळू की ही दोरीत ओवलेली रांग, हे त्याने आजीजवळ बसून ठरवावे. पाहुण्यांनी विचारलेच, तर ह्या पिवळ्या फुलाचे नाव सांगावे आणि एक वेळ पाथरीचे किसमूर पानात वाढावे.