आपण बोल्टला घेतलं!

नोव्हेंबर 2024 च्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी दूध आणायला म्हणून मी घराबाहेर पडलो आणि शिरस्त्याप्रमाणे पाचकंदिलाजवळच्या टपरीवर टेकलो. नाना बाकड्यावर पाय वर घेऊन बसले होते. चेहऱ्यावर मुलीचं लग्न ठरल्याचा आनंद. मला बघताच ओरडले, ‘‘मास्तर, चहा तुमच्याकडनं! आपण बोल्टला घेतलं!’’

मी चहा पाजला. मग बापू आले, त्यांनी बोल्टच्या वयाचा प्रश्न उपस्थित केला. त्यावर नानांनी चेंडू आत कसा वळतो ते चहाच्या रिकाम्या ग्लासानं दाखवलं. ग्लास फुटला. त्याचेही पैसे मीच दिले. घरी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते.

‘‘दूध कुठाय?’’ हिनं विचारलं.

‘‘अगं, आपण बोल्टला घेतलं.’’

‘‘किती लिटर?’’

‘‘साडेबारा कोटीला.’’

ही काही बोलली नाही. फक्त कोरा चहा समोर ठेवला. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बाईचं न बोलणं हे एक स्वतंत्र वाङ्मय आहे. ते ज्यांना वाचता येतं त्यांनाच त्यातला मजकूर कळतो. त्या कोऱ्या चहाबरोबर मी विचारात पडलो, की ‘आपण’ घेतलं म्हणजे नेमकं कोणी घेतलं?

हा संघ एका मोठ्या उद्योगसमूहानं 2008 साली अकरा कोटी एकोणीस लाख डॉलर मोजून विकत घेतला. त्यात माझे किती होते? शून्य. नानांचे? शून्य. बापूंनी एकदा संघाची निळी बनियन घेतली होती, पण ती मालेगावच्या बाजारातून दीडशे रुपयांना, आणि त्यातला एक पैसाही मालकांना पोचला असेल असं तिच्या रंगावरून वाटत नाही. कारण पहिल्याच धुण्यात तो रंग बापूंच्या धोतरावर गेला. तरीही आम्ही तिघं गेली कित्येक वर्षं हा संघ चालवतो आहोत. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, प्रशिक्षक कोण, सलामीला कोण, सगळं देवळ्याच्या बाकड्यावर ठरतं. मुंबईला ते ऐकत नाहीत म्हणून हरतात.

हा रोग फक्त आमच्या पिढीला आहे असंही नाही. माझा पुतण्या पिंट्या याचा संघ तर साता समुद्रापार आहे. मँचेस्टर युनायटेड! रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलच्या उजेडात बसतो आणि सकाळी सुतकी चेहऱ्यानं सांगतो, ‘‘काका, आपला मॅनेजर बदलायला पाहिजे.’’ देवळ्यात मॅनेजर म्हणजे बँकेचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोराचं कर्जप्रकरण अडकलं. मग कळलं की फुटबॉलमध्ये प्रशिक्षकालाच मॅनेजर म्हणतात, आणि फर्गसन नावाच्या गृहस्थांनी 1986 ते 2013 अशी सव्वीस वर्षं त्या एकाच जागेवर काढली. सव्वीस वर्षं एका जागी आणि बदली नाही! माझ्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत अकरा बदल्या झाल्या. ते गेल्यावर मोयेस आले, व्हॅन गाल आले, मोरिन्हो आले, आणि पिंट्यानं एकेकाला नापास केलं. स्वतः तो त्या वर्षी दोन विषयांत राहिला होता, हे मी सांगितलं तर ‘‘काका, विषय बदलू नका,’’ म्हणाला. मला तर वाटलं होतं, विषय हाच होता.

इथवर सगळी गंमत आहे. पण मला आज भांडायचं आहे, आणि ते स्वतःशीच असल्यामुळे जरा हिंमत गोळा करून भांडायचं आहे. त्यासाठी आणखी एक वर्ष मागं जायला हवं.

डिसेंबर 2023. त्या महिन्यात दोन बातम्या आठवड्याच्या अंतरानं आल्या. आठ तारखेला केंद्र सरकारची कांदा निर्यातबंदी लागू झाली. पंधरा तारखेला मुंबईच्या संघानं रोहित शर्माच्या जागी हार्दिक पांड्याला कर्णधार केलं. आमच्या तालुक्यात घराघरांत कांदा आहे. ज्याच्या शेतात नाही त्याच्या दुकानाच्या उधारीच्या वहीत आहे. बंदी येताच जिल्ह्यात लिलाव बंद पडले, ठिकठिकाणी रस्ते अडवले गेले. लिलाव पुन्हा सुरू झाले तेव्हा तीन हजारांच्या पुढं गेलेला क्विंटलचा भाव गडगडत खाली आला होता. आणि डिसेंबरचा कांदा म्हणजे लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा चाळीत भरून भावाची वाट बघता येत नाही. काढला की विकायचा, नाहीतर कोंब बघत बसायचं.

सोळा तारखेला सकाळी नाना टपरीवर आले. त्यांचा तीन एकर लाल कांदा तेव्हा काढून शेतात पडलेला होता. आणि नाना कशावर बोलले? रोहित शर्मावर! दीड तास बोलले. ‘‘2013, 2015, 2017, 2019, 2020! पाच वेळा करंडक आणून दिला माणसानं! अन् असं घरातल्या जुन्या बैलासारखं दावणीवरून सोडलं?’’ त्यांचा गळा दाटून आला. बापू हार्दिकच्या बाजूचे. ते म्हणाले, ‘‘अहो, गुजरातकडून पहिल्याच वर्षी, 2022 ला, जिंकून दाखवलं की त्यानं.’’ ‘‘मग तिकडंच राहायचं!’’ असं म्हणून नानांनी जो ग्लास आपटला, त्यानंतर दोघं दोन महिने एकमेकांशी बोलले नाहीत. लग्नाची पंगत असो की दशक्रिया, एक पूर्वेला बसला की दुसरा पश्चिमेला. मी मध्यस्थ. मी दोघांनाही सांगितलं की तुमचंच बरोबर आहे.

फेब्रुवारीत संक्रांतीचं राहिलेलं हळदीकुंकू उरकून ही नानांच्या घरून परत आली आणि म्हणाली, ‘‘वहिनींच्या हातात पाटल्या नाहीत.’’

‘‘नसतील घातल्या.’’

‘‘मोडल्या. थोरलीची नर्सिंगची फी भरायची होती. कांद्याचं काही आलंच नाही म्हणे. सहा ट्रॉल्या गेल्या, त्यात मजुरी निघाली नाही. तुम्हाला माहीत नाही? रोज तर भेटता!’’

रोज भेटत होतो. तेच तर! दीड तास रोहितसाठी गळा काढणारा माणूस स्वतःसाठी एक वाक्य बोलला नव्हता, आणि मी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना एकट्याला गाठून विचारलं, ‘‘नाना, बोलला का नाहीत?’’ ते म्हणाले, ‘‘मास्तर, रोहितचं बोललं की चार माणसं कान देतात. कांद्याचं बोललं की चहावालासुद्धा उधारी आठवून देतो.’’

मंडळी, माझा राग खेळावर नाही. खेळावर बोलणं ही निरुद्योगी माणसांची खोड आहे, असं म्हणणाऱ्या विद्वानांचा मला भयंकर कंटाळा आहे. उलट मी म्हणतो, हिशेब कसा मागावा हे शिकायचं असेल तर खेळाच्या शौकिनांकडून शिकावं. 2024 च्या हंगामात मुंबई चौदापैकी चार सामने जिंकली आणि तळाला गेली. काय हिंमत होती कोणाची, की हा आकडा नानांपासून लपवावा! वानखेडेवर हजारो माणसांनी स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. ते बरं दिसलं नाही, हे खरं. तीन महिन्यांनी, 29 जूनला, त्याच हार्दिकनं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक टाकलं, भारत सात धावांनी जिंकला, आणि चार जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. नानांनी त्या रात्री बापूंना मिठी मारली. म्हणजे हा न्यायाधीश रागीट आहे, पण बेइमान नाही. पुरावा बदलला की निकाल बदलतो.

माझं म्हणणं इतकंच, की हे न्यायालय एकाच खटल्यापुरतं का भरतं? कर्णधार का बदलला, याचा जाब आम्ही दीड तास मागितला. निर्यात का बंद केली, मग 4 मे 2024 ला का उघडली, उघडताना चाळीस टक्के शुल्क का ठेवलं, मग सप्टेंबरात ते वीस का झालं, याची तारीखवार जंत्री टपरीवर एकालाही पाठ नव्हती. बोल्टनं कितव्या षटकात किती बळी घेतले ते मात्र तोंडपाठ!

शहरातले वाचक म्हणतील, ‘‘अहो, कांदा महागला की आमचंही कंबरडं मोडतं.’’ मोडतं, नाकारत नाही. माझी बहीण डोंबिवलीला असते. तिच्या फोनवरून कांद्याचा भाव मला लासलगावच्या आधी कळतो. पण एकाचं कंबरडं वाचवायला दुसऱ्याचं मोडायचं असेल, तर निदान दोघांना समोरासमोर बसवून ठरवा. संघातला खेळाडूसुद्धा बाहेर बसवायचा तर त्याला आदल्या दिवशी सांगतात.

आणि लिलावाचीच गोष्ट निघाली आहे तर दोन लिलाव शेजारी शेजारी ठेवून बघा. जेद्दाच्या लिलावात दोन दिवसांत 182 खेळाडू 639 कोटी 15 लाखांना गेले. ऋषभ पंत एकटा सत्तावीस कोटींना. दोन हजार रुपये क्विंटलनं हिशेब मांडला तर हे एक लाख पस्तीस हजार क्विंटल झाले. पंचवीस क्विंटलची एक ट्रॉली धरा, म्हणजे पाच हजार चारशे ट्रॉल्या. ओळ कुठवर जाईल ते मला विचारू नका. गणिताच्या मास्तरलाही भीती असते. पंतला मिळाले त्याचं मला वाईट वाटत नाही. अपघातातून उठून आलेला गुणी पोरगा आहे, त्याला आणखी मिळोत. मला बोचतं ते वेगळंच. त्या लिलावात प्रत्येक खेळाडूला मूळ किंमत असते. कोणाची दोन कोटी, आणि अगदी नवख्या पोराची, आपल्या भाषेत गोल्टीची म्हणा, तीस लाख. त्याखाली बोली सुरूच होत नाही. नाहीच कोणी घेतला तर तो मानानं घरी जातो. कांद्याला मूळ किंमत नाही. हमीभावाच्या यादीतही तो नाही. बोली कुठूनही सुरू होते आणि कुठंही थांबते. आणि थांबल्यावरही संपत नाही. खळ्यावर माल उतरताना व्यापारी ‘वांधा’ काढू शकतो, की वरचा माल चांगला होता, खालचा हलका निघाला, शंभर कमी करा. लिलाव झाल्यावर कोणी ऋषभ पंतला उलटा करून बघितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कोल्हापूरला माझी दोन वर्षं बदली होती. तिथं फुटबॉलचं वेड असं, की पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांची मॅच असली म्हणजे पेठांच्या भिंतीसुद्धा शाहू स्टेडियमकडे तोंड करतात. तिथंही वाद होतात, बाहेरून कोणता खेळाडू आणावा, कोणाला बसवावं. कधीकधी जरा जास्तच होतात. पण तिथला माणूस ‘आपण’ म्हणतो तेव्हा त्याच्या खिशातली वर्गणी त्यात असते, गल्लीतलं पोर त्यात असतं. हरल्यावर जाब विचारायला तालमीचं दार चार पावलांवर असतं. त्या ‘आपण’ला वजन आहे. आमचा ‘आपण’ नुसता भाड्याचा.

हे सगळं मी टपरीवर बोलून दाखवलं. बापू म्हणाले, ‘‘मास्तर, भाषण चांगलं झालं. आता करता काय?’’ मास्तरला असा प्रश्न विचारू नये; त्याची सवय प्रश्न विचारण्याची असते.

म्हणून मार्च 2025 मध्ये नानांचा रांगडा कांदा बाजार समितीत निघाला, तेव्हा बापू आणि मी ट्रॉलीवर बसून बरोबर गेलो. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कांद्यावर बसून प्रवास करू नये, एवढा अनुभव सांगून ठेवतो. बोली झाली. मग खळ्यावर उतरताना अपेक्षेप्रमाणे वांधा निघाला: शंभर रुपये कमी. नाना सवयीनं मान हलवणार, इतक्यात बापू पुढं झाले आणि दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढून म्हणाले, ‘‘रिव्ह्यू!’’

हमाल हसायला लागले. मी चष्मा लावून वही काढली आणि वर्गात विचारतो त्या आवाजात विचारलं, ‘‘हलका माल कोणता? वेगळा काढून दाखवा.’’ ढीग उपसला. हलका निघाला तो दोन पाट्या. समितीच्या माणसाला बोलावलं. अर्धा तास वाद झाला, टपरीवर होतो तसाच, फक्त समोर खरोखरीचा माणूस होता आणि तो उत्तर देत होता. शेवटी शंभराचे साठ झाले.

चाळीस रुपये क्विंटलमागे वाचले. ट्रॉलीचे म्हणाल तर हजार रुपये. त्यानं पाटल्या परत येत नाहीत, याची मला पूर्ण कल्पना आहे. परतीच्या वाटेवर नाना बराच वेळ गप्प होते. चांदवड फाटा मागं पडल्यावर म्हणाले, ‘‘मास्तर, आपण जिंकलो.’’

त्या ‘आपण’मध्ये मी होतो. कमरेच्या दुखण्यासकट होतो.

घरी आलो तर ही दारातच. ‘‘दूध?’’

विसरलो होतो. पण या वेळी कारण सांगितलं, आणि चहा दुधाचा मिळाला. शेजारून आणलेल्या.