सन्मान फलकावरची नावे आणि फलकाबाहेरची मुले

दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेड. या शहरात सेंट पीटर्स कॉलेज नावाची मुलांची खासगी शाळा आहे. अँग्लिकन पंथाची ही शाळा १८४७ साली सुरू झाली. या एकाच शाळेचे तीन माजी विद्यार्थी नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. लॉरेन्स ब्रॅग यांना १९१५ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, वडिलांसोबत पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. पेनिसिलिनला औषधाचे रूप देणाऱ्यांपैकी एक असलेले हॉवर्ड फ्लोरी १९४५ साली सन्मानित झाले. पोटातील अल्सरमागे जिवाणू असतो हे बॅरी मार्शल यांच्यासह दाखवून देणारे रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. ते २०२४ साली निवर्तले.

पेनिसिलिनने जीव वाचवताना कोणाचा रंग पाहिला नाही की वंश पाहिला नाही. या तिघांच्या कर्तृत्वाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. अशी यादी पुढे करून काय सिद्ध केले जाते? ‘बघा, ही गुणवत्ता. ज्याच्यात आहे तो वर येतोच!’ असा गुणवत्तेचा टेंभा जगभरचे प्रस्थापित मिरवत असतात. म्हणून या यादीची उलटतपासणी करणे आवश्यक आहे.

ब्रॅग यांचे वडील ॲडलेड विद्यापीठात प्राध्यापक होते. क्ष-किरणांचा शोध नुकताच लागला होता, तेव्हा लहानग्या लॉरेन्सचे कोपर मोडले आणि वडिलांनी स्वतःच त्या हाताचे क्ष-किरण छायाचित्र काढले. फ्लोरी यांच्या वडिलांचा बूट बनवण्याचा कारखाना होता. बुद्धी त्यांची होतीच. पण त्या बुद्धीला घर, फी आणि प्रयोगशाळा यांचे पाठबळ होते. शाळेच्या यादीत बुद्धीची नोंद होते, पाठबळाची होत नाही.

आता त्याच शहरातील, त्याच चर्चची दुसरी संस्था पाहू. समुद्रकाठच्या सेमाफोर उपनगरात १९४० च्या दशकात फादर पर्सी स्मिथ यांनी सेंट फ्रान्सिस हाऊस हे वसतिगृह चालू केले. तेथे मध्य आणि उत्तर ऑस्ट्रेलियातून आणलेली मूलनिवासी मुले राहत. काहींच्या आयांनी शिक्षणासाठी संमती दिली होती. काही मुले सरकारने त्याआधीच आईपासून तोडलेली होती. जॉन मोरिआर्टी चार वर्षांचे असताना आईपासून दुरावले. या मुलांसाठी सेंट पीटर्सची प्रयोगशाळा नव्हती. चार्ल्स पर्किन्स सरकारी तंत्रशाळेत शिकले आणि कारखान्यात फिटर-टर्नरचे काम शिकू लागले.

तरी या वसतिगृहाची यादी काय सांगते? पर्किन्स यांनी १९६६ साली सिडनी विद्यापीठाची पदवी घेतली आणि १९८४ साली ते केंद्र सरकारच्या मूलनिवासी व्यवहार खात्याचे सचिव झाले. मोरिआर्टी १९६० साली ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघात निवडले गेलेले पहिले मूलनिवासी ठरले. गॉर्डन ब्रिस्को इतिहासकार झाले. हॅरोल्ड थॉमस यांनी काळा, लाल आणि पिवळ्या रंगाचा मूलनिवासींचा ध्वज साकारला. तो जुलै १९७१ मध्ये ॲडलेडमध्येच प्रथम फडकला आणि १९९५ साली त्याला अधिकृत मान्यता मिळाली.

पर्किन्स यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये विद्यार्थ्यांची बस घेऊन न्यू साउथ वेल्सच्या गावोगावी स्वातंत्र्ययात्रा काढली. मोरी गावच्या सार्वजनिक जलतरण तलावात मूलनिवासींना मज्जाव होता. पर्किन्स तेथील मुलांना घेऊन तलावावर गेले. गोऱ्यांचा जमाव चालून आला, अंडी-टोमॅटो फेकले गेले, पण बंदी अखेर मोडली. पाण्यासाठीचा हा संघर्ष म्हणजे काय, हे महाडच्या वारसदारांना समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. ‘मुलांना आणले म्हणूनच ती मोठी झाली’ असा निष्कर्ष काढणारे महाभाग तेथेही आहेत. तो आम्हाला मान्य नाही. मुलांना आईपासून तोडण्याच्या धोरणाने किती घरे उद्ध्वस्त झाली, ते तेथील मानवी हक्क आयोगाच्या १९९७ च्या अहवालाने जगासमोर मांडले. संसदेने २००८ साली माफी मागितली. चार जण पुढे गेले म्हणून अन्यायाचे पुण्य होत नाही.

आणि सेंट पीटर्सचे सगळेच प्रस्थापितांच्या बाजूने राहिले, असेही म्हणता येणार नाही. याच शाळेचे डॉन डन्स्टन पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मुख्यमंत्री झाले. त्याआधी मंत्री असताना १९६६ साली त्यांनी वांशिक भेदभावाला बंदी करणारा कायदा आणि मूलनिवासींच्या जमिनीसाठी विश्वस्त मंडळाचा कायदा पुढाकार घेऊन मंजूर करून घेतला. शाळा माणसाला खुर्चीपर्यंत पोहोचवते. खुर्चीत बसून कोणाचे काम करायचे, ते त्याने स्वतःच ठरवायचे असते.

हा विषय जुना झालेला नाही. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात सार्वमत झाले. मूलनिवासींची एक सल्लागार संस्था राज्यघटनेत नमूद करावी, एवढीच मागणी होती. सुमारे ६० टक्के मतदारांनी आणि सहाही राज्यांनी ती फेटाळली. विरोधकांचा मुख्य युक्तिवाद काय होता? घटनेने नागरिकांत वंशावरून भेद करू नये! शर्यतीत एकाला शतकभर मागे बांधून ठेवायचे आणि सोडल्यावर सगळ्यांना एकच नियम म्हणायचे, यालाच ते समता म्हणतात. दक्षिण ऑस्ट्रेलियाने मात्र त्याच वर्षी स्वतःचा कायदा करून अशी संस्था उभारली आणि मार्च २०२४ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. सार्वमतात हरले तरी कायद्याची वाट बंद होत नाही, हा त्यातला धडा आहे.

म्हणून बांधवहो, उद्या कोणी नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी तुमच्यापुढे फडकवली, तर दबून जाऊ नका आणि त्यातल्या माणसांचा द्वेषही करू नका. फक्त विचारा, त्या वेळी शाळेच्या दाराबाहेर कोण उभे होते? त्यांची यादी कोणी ठेवली आहे का? नसेल, तर ती लिहून काढण्याचे काम आपले आहे.